पाच-तीन-दोनचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीचा महिना होता. नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा नुकतीच पार पडली होती आणि स्टेशनवर परतीच्या भाविकांची गर्दी अजून पुरती ओसरली नव्हती. मी व माझी पत्नी नागपूरला मुलीकडे निघालो होतो. रात्रीची गाडी चार तास उशिरा येणार असल्याचे स्टेशनवर पोहोचल्यावर कळले. घरी परतावे तर सामान फार, बसून राहावे तर थंडी बरीच. शेवटी फलाटाच्या टोकाला एक रिकामे बाक सापडले, तेथे आम्ही बसलो. मी पिशवीतून वर्तमानपत्र काढले. पत्नीने शाल लपेटून घेतली. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आम्ही जेथे जेथे एकत्र वाट पाहिली, तेथे तेथे ती अशीच पाहिली होती.

आमच्या समोर, खाली फरशीवर वर्तमानपत्र अंथरून एक परदेशी जोडपे बसले होते. दोघेही तिशीच्या आतबाहेरचे. जवळ पाठीवर टाकायच्या दोन मोठ्या सॅक होत्या. त्यांपैकी एक त्यांनी आडवी ठेवली होती आणि तिचा पाट करून दोघे पत्ते खेळत होते. जवळच एक वही उघडी होती. प्रत्येक डावानंतर मुलगी तीत काहीतरी टिपून ठेवी, मग पाने पिसून तरुणापुढे काटण्यासाठी धरी. त्यांचे बोलणे फारसे होत नव्हते. मधूनच एखादे पान पडे आणि दोघे हसत.

खरे सांगायचे तर मला त्यांचा थोडा रागच आला. हजारो मैलांवरून ही माणसे आपला देश पाहायला येतात. बाहेर गोदावरी आहे, पंचवटी आहे, त्रिरश्मी डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. ते सारे सोडून फलाटावर पत्ते कुटत बसायचे होते, तर आपल्या घरीच का बसले नाहीत? वेळेसारखी देवाची देणगी माणसे किती सहज उधळतात, असा विचार माझ्या मनात आला. शिक्षकी पेशात हयात गेलेल्या माणसाच्या मनात प्रवचन तयार व्हायला वेळ लागत नाही. आपल्या मांडीवरचे वर्तमानपत्र आपण दुसऱ्यांदा वाचत आहोत, हे मात्र त्या प्रवचनाच्या भरात माझ्या ध्यानात आले नाही.

पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्यांची ही परंपरा आता साठ वर्षांची होत आली आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातील तरुण तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तान या मार्गाने बसने किंवा मिळेल त्या वाहनाने भारतात येत. १९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपे याच वाटेने आशिया ओलांडत ऑस्ट्रेलियाला पोहोचले. पुढल्या वर्षी त्यांनी आपल्या अनुभवावर एक लहानसे पुस्तक काढले आणि त्यातून 'लोन्ली प्लॅनेट' ही प्रवासपुस्तकांची प्रकाशनसंस्था जन्माला आली. १९८१ साली तिने भारतावरील पुस्तक प्रसिद्ध केले. इराणातील क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजा यांमुळे १९७९ साली ती खुश्कीची वाट बंद झाली, तरी हिंडणारे विमानाने येतच राहिले. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्यांचे पाय वळतात ते बहुधा इगतपुरीकडे. १९७६ साली सत्यनारायण गोएंका यांनी तेथे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू केले. आमच्या समोरचे जोडपेही तेथूनच आले होते. ही माहिती मला कळली ती माझ्या चौकसपणामुळे नव्हे. माझ्या पत्नीने आपल्या डब्यातले रव्याचे लाडू त्यांच्यापुढे धरले आणि त्यामुळे बोलणे सुरू झाले.

दोघे हॉलंडचे होते. डिसेंबरात कोचीला उतरले, तेथून गोवा, हंपी असे करत वर आले. इगतपुरीला दहा दिवसांचे शिबिर त्यांनी केले. तेथील नियम आपल्याकडील मौनसाधनेला बसणाऱ्यांनाही कठीण वाटावेत असे आहेत. पहाटे चारला उठायचे, बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, वाचायचे नाही, लिहायचे नाही. स्त्रिया व पुरुष यांची व्यवस्था वेगळी. नवरा-बायको एकत्र आले असले तरी शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांशी शब्द नाही. मोबाइलबरोबर या दोघांनी आपला पत्त्यांचा जोडही तेथे जमा केला होता.

"बाहेर पडल्यावर पहिल्यांदा काय केलेत?" मी विचारले. त्यांनी फोन पाहिला असेल, अशी माझी अपेक्षा होती.

"एका टपरीवर चहा घेतला आणि पत्ते काढले," ती मुलगी म्हणाली. "पण बराच वेळ पाने कोणी वाटलीच नाहीत. नुसते समोरासमोर बसून होतो."

मग तिने जे सांगितले ते मी विसरलेलो नाही. त्यांचे लग्न अजून व्हायचे होते. प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांना वाटले होते की, सुंदर स्थळे एकत्र पाहिली म्हणजे एकमेकांची ओळख पटेल. प्रत्यक्षात त्यांचा अर्धा वेळ बसथांब्यांवर, स्टेशनांवर, एकदा तर आजारी पडून खोलीत पडून राहण्यात गेला. "सुंदर स्थळापुढे कोणाचेही कोणाशी पटते," ती म्हणाली. "आपल्याला एकत्र वाट पाहता येते का, हे आम्हांला पाहायचे आहे." वहीत त्या दोघांच्या जिंकलेल्या डावांची बेरीज होती. तरुण तीन डावांनी पुढे होता आणि त्याचा तिला मनापासून राग होता.

आता मी या लेखाच्या मुख्य प्रसंगाकडे येतो. त्या तरुणाने सहज माझ्या पत्नीला विचारले, "आंटी, तुम्ही खेळता का?" मी तिच्या वतीने 'नाही' म्हणणार, तोच ती शाल सावरून खाली फरशीवर बसली. तिने तो जोड हातात घेतला आणि असा काही पिसला की दोघेही पाहत राहिले. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सारी पाने तिने झरझर वेगळी काढली, चौकट आणि किलवरची सत्ती बाजूला टाकली, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत व बरेचसे हातवाऱ्यांनी ती त्यांना पाच-तीन-दोन शिकवू लागली.

आमच्या लग्नाला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. माझ्या पत्नीला पत्ते खेळता येतात, हे मला ठाऊक नव्हते.

ती वसईची. पावसाळ्यात शेतात पाणी भरले आणि कामे थांबली की, तिच्या माहेरी संध्याकाळची जपमाळ झाल्यावर आजी पत्ते काढत असे, हे तिने मला त्यानंतर गाडीत सांगितले. चिंचोके मांडून हार-जीत मोजायची. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कोणाकडे कोणते पान उरले आहे हे तिला अचूक कळे. "मग तू कधी बोलली का नाहीस?" मी विचारले. "तुमच्या घरी पत्ते चालत नाहीत, हे लग्नानंतर आठवड्याभरातच कळले. मग काय बोलायचे?" एवढेच तिचे उत्तर. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तो असता तर मला कदाचित बरे वाटले असते.

आमच्या घरी पत्ते चालत नसत, ही गोष्ट खरी होती आणि तिला कारणही होते. माझ्या एका चुलत्यांनी तीन पत्तीच्या नादात शेताचा एक तुकडा घालवला होता. त्या धक्क्याने वडिलांनी घरात पत्त्याचे पान येऊ दिले नाही. ते म्हणत, "प्रभू क्रूसावर मरत होता आणि शिपाई खाली बसून त्याच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकत होते. जुगार माणसाला कोठवर नेतो ते तेथे पाहा." युरोपातील जुने प्रवचनकारही पत्त्यांना सैतानाचे प्रार्थनापुस्तक म्हणत. संत फ्रान्सिस द साल यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी संसारी लोकांसाठी भक्तिजीवनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनीही फासे आणि पत्ते यांना नापसंती दर्शवली आहे. बुद्धीला व श्रमाला मिळावयाचे फळ तेथे नशिबाला मिळते, हे त्यांना विवेकाला धरून वाटत नव्हते. गंमत अशी की, मी आयुष्यभर गणित शिकवले. बावन्न पत्त्यांतून एक पान काढले असता ते एक्का असण्याची संभाव्यता किती, हे मी शेकडो मुलांना फळ्यावर सोडवून दाखवले. पत्त्यांचा जोड मात्र घरात कधी आणला नाही.

वडिलांची भीती आज जुनाट ठरली आहे, असे कोणी समजू नये. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणाऱ्या तरुणांमुळे कितीतरी घरांत अश्रू आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात या बाबतीत मोजके व समतोल मार्गदर्शन आहे. नशिबाचे खेळ किंवा पैजा या मुळातच अन्यायकारक नाहीत, पण स्वतःच्या वा दुसऱ्याच्या गरजेचे जे आहे ते त्यांमुळे हिरावले जाऊ लागले की त्या नैतिकदृष्ट्या अग्राह्य ठरतात आणि खेळाचा नाद माणसाला गुलाम करू शकतो, असा त्याचा आशय आहे. ही कसोटी चुलत्यांच्या तीन पत्तीला लावली तर उत्तर उघड आहे. पण तीच कसोटी आजीच्या चिंचोक्यांना लावली तर काय उत्तर येते? वडिलांनी शेतासह चिंचोकेही बंद केले, आणि मी त्यांच्यामागे तो नियम विचार न करता पुढे चालवला.

शिपायांच्या दाखल्याविषयीही मला आज वेगळे वाटते. प्रेषितांच्या कृत्यांत, यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली तीही चिठ्ठी टाकूनच. साधन तेच. क्रूसाखालच्या त्या माणसांचे चुकले ते एवढेच की, त्यांनी डोके वर करून पाहिले नाही. समोर कोण आहे, काय सोसत आहे, याची दखल घेतली नाही. आणि डोके वर न करण्यासाठी पत्तेच लागतात असे कोठे आहे? वर्तमानपत्रही पुरते. आज मोबाइल तर सर्वांच्याच हातात आहे.

संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळाचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. तेथे त्यांनी एक जुनी कथा सांगितली आहे. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना दिसला, तेव्हा काहींना ते खटकले. योहानाने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडण्यास सांगितले, आणखी एक, आणखी एक. मग विचारले, असेच सतत करत राहिलास तर? तो म्हणाला, धनुष्य मोडेल. माणसाचे मनही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. अक्विनस एवढ्यावर थांबत नाहीत. खेळात अतिरेक हा जसा दोष, तसाच खेळाचा संपूर्ण अभाव हाही दोष, असे ते म्हणतात. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदाला अडथळा होतो, तो विवेकाविरुद्ध वागतो. मी हे तरुणपणी वाचले असते तर पुढे ढकलून दिले असते. फलाटावरील त्या रात्रीनंतर मात्र ते मला लागले.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत पास्कल म्हणे की, माणूस खेळ, शिकार, गप्पा यांच्यामागे धावतो तो स्वतःपासून पळण्यासाठी. एकट्याने खोलीत शांत बसणे त्याला जमत नाही, कारण तेथे त्याला आपले दैन्य आणि मृत्यू दिसतो. या दृष्टीने पाहिले तर पत्त्यांचा जोड ही सोबत बाळगलेली पळवाटच ठरेल. इगतपुरीला तो दारातच काढून घेतात, त्यामागेही काहीसा असाच विचार असणार. मला हा आक्षेप मान्य आहे. अनेक जोडपी एकत्र खेळतात, एकत्र सिनेमा पाहतात, एकत्र यात्रेला जातात, आणि त्या एकत्रपणाच्या आड एकमेकांना टाळत असतात. खेळाने भरलेला वेळ हा भेटीचा वेळ असेलच असे नाही.

पण मग ओळखायचे कसे? त्या डच मुलीच्या बोलण्यात मला एक खूण सापडली. दहा दिवसांच्या मौनानंतर त्यांनी पत्ते काढले, पण पाने न वाटता ती दोघे बसून राहू शकली. जो खेळ बाजूला ठेवता येतो, आणि बाजूला ठेवल्यावरही समोरचा माणूस आपल्याला हवासा वाटतो, तो खेळ पळवाट नव्हे. पत्ते नसताना ज्यांच्यात पोकळी उरते, त्यांनी पत्त्यांना दोष देण्यापेक्षा त्या पोकळीकडे पाहावे. आमच्या घरात पत्ते नव्हते, तरीही पोकळी होती. पास्कलचे म्हणणे मला अर्धेच लागू पडते. खोलीत शांत बसणे मला उत्तम जमत असे. माझ्याबरोबर त्या खोलीत आणखी कोणी आहे, याचा मला विसर पडला होता.

'वेळ घालवणे' हा शब्दप्रयोग आपण नेहमी हेटाळणीने वापरतो. शेत घालवले, पैसा घालवला, तसा वेळ घालवला. पण आपल्या भाषेत या क्रियापदाची दुसरीही एक वाट आहे. पाहुणा निघाला की आपण त्याला 'घालवायला' जातो. वसईकडे, कोकणात, इकडे नाशिकच्या खेड्यांतही हा शब्द ऐकू येतो. पाहुण्याला घालवणे म्हणजे त्याला हाकलणे नव्हे. त्याच्या सोबतीने वेशीपर्यंत, थांब्यापर्यंत चालत जाणे, जाता जाता राहिलेले बोलणे बोलून घेणे, तो दिसेनासा होईपर्यंत उभे राहणे. तो राहणार नाही हे आपल्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच आपण दारापाशी थांबत नाही. वेळही जाणारच असते. ती कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. तिला पाठमोरे होऊन जाऊ द्यायचे की थोडे अंतर तिच्याबरोबर चालून जायचे, एवढेच आपल्या हाती असते. ज्याला आपण वेळेचा सदुपयोग म्हणतो त्यात हेही बसते, असे मला आता वाटू लागले आहे. पवित्र मरिया आणि संत योसेफ नाझरेथहून बेथलेहेमला निघाले, पुढे बाळाला घेऊन इजिप्तला गेले. त्या वाटेवरच्या संध्याकाळी त्यांनी कशा घालवल्या, याविषयी शुभवर्तमान मौन पाळते. पण त्या वेळा वाया गेल्या, असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही.

आता पुन्हा त्या फरशीवरच्या डावाकडे येऊ. पाच-तीन-दोन हा खेळ अनेक वाचकांना ठाऊक असेल, तरी ज्यांच्या घरी आमच्याप्रमाणे पत्ते चालत नव्हते त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तिघांचा खेळ, तीस पाने, प्रत्येकाला दहा. एकूण दहा हात व्हायचे. एकाने पाच करायचे, एकाने तीन, एकाने दोन. ज्याला पाच करायचे असतात तो पहिली पाच पाने पाहून हुकूम सांगतो. म्हणजे ज्याच्यावर भार अधिक, त्याला अधिकारही अधिक. पुढल्या डावाला ही वाटणी फिरते. आज ज्याच्याकडे दोन, त्याच्याकडे उद्या पाच. कोणाचे हात ठरल्यापेक्षा कमी झाले तर तेवढे त्याच्यावर चढतात, आणि ज्याचे जास्त झाले तो पुढल्या डावात त्याच्या पानांतून न पाहता तितकी पाने ओढतो व आपल्याकडची नको असलेली त्याला देतो. कर्ज विसरले जात नाही, पण ते दुसऱ्याच डावात फिटते आणि पुन्हा सारे बरोबरीत येतात.

माझी पत्नी हे सारे त्या दोघांना समजावीत होती आणि मी बाकावरून ऐकत होतो. गणिताच्या माणसाला नियमांतला समतोल लगेच दिसतो. मला तो दिसला, आणि त्यापाठोपाठ माझे घरही दिसले. आमच्या संसारात पाच हात नेहमी एकाच व्यक्तीच्या वाट्याला आले. माझी आई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे खाणे-पिणे, औषधे, रात्रीचे उठणे हे सारे पत्नीने केले. मुलांच्या शाळा, दुखणी, आलेगेले, धर्मग्रामातील सणांची तयारी हेही तिचेच. माझ्याकडे नोकरी आणि शिकवण्या होत्या, ते माझे दोन-तीन हात मी इमानाने केले, नाही असे नाही. पण वाटणी कधी फिरली नाही. भार तिच्याकडे असताना हुकूम मात्र मी सांगत राहिलो. घरात पत्ते येणार नाहीत, हा त्यांतलाच एक हुकूम. निवृत्त झाल्यावर तरी डाव बदलायला हवा होता. मी निवृत्त झालो, ती झाली नाही. आणि तिचे जे हात माझ्यावर चढले होते, त्यांची मोजदाद करणारी वही आमच्या घरात नव्हती.

विवाह संस्काराच्या वेळी आपण सुखात व दुःखात एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याचे वचन देतो. ते वचन मी मोडले आहे, असे मला कधी वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही. पण निष्ठा आणि न्याय या दोन गोष्टी आहेत. एखादा माणूस आयुष्यभर निष्ठेने राहूनही आपल्या माणसाशी अन्यायाने वागू शकतो, आणि त्याला ते कळतही नाही, कारण समोरचा माणूस बोलत नाही. मोठी पापे आपण कबूल करतो. वाटणी न फिरवण्याचे पाप कबुलीजबाबाच्या वेळी माझ्या तोंडी कधी आले नव्हते.

तीन डाव झाल्यावर पत्नीने वर पाहिले. "अहो, या ना खाली. चौघे झालो म्हणजे मेंढीकोट लावता येईल." मी म्हणालो, मला येत नाही. "येत नाही तर शिका. मी तुमची भिडू." गुडघे कुरकुरत होते, तरी मी बसलो.

मेंढीकोटात दोन-दोन भिडू समोरासमोर बसतात. चार दश्श्या असतात, त्यांना मेंढ्या म्हणतात. त्या जास्तीत जास्त आपल्या बाजूला आणायच्या आणि चारही आल्या तर कोट. आपल्या हातात काय आहे हे भिडूला सांगायचे नसते. त्याने टाकलेल्या पानावरून ओळखायचे. तो हलके पान टाकतो आहे तर त्याच्याकडे काय नसेल, तो थांबला आहे तर काय राखून असेल. चौतीस वर्षे जिच्या समोर बसून जेवलो, तिने काय टाकले आणि काय राखले याकडे मी त्या रात्री प्रथमच लक्ष देऊन पाहिले. मी चुका केल्या. बदामाची दश्शी मी फुकट घालवली, तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले की, वर्गात मी मुलांकडे तसेच पाहत असे. समोरची दोघे मनसोक्त हसली.

दुसरा डाव मध्यावर असताना आमच्या गाडीची घोषणा झाली. पाने तशीच टाकून सामान उचलावे लागले. डबा शोधताना, चढताना, निरोपाचे चार शब्द धड बोलता आले नाहीत. ती मुलगी खिडकीपाशी आली आणि मोठ्याने म्हणाली की, अर्ध्या डावाचे गुण वहीत कसे लिहायचे ते तिला कळत नाही.

हा प्रश्न जुना आहे. १६५४ साली पास्कल व फेर्मा या दोन गणितज्ञांमध्ये याच प्रश्नावर पत्रव्यवहार झाला होता. डाव मध्येच थांबला तर पणाला लावलेली रक्कम खेळणाऱ्यांत न्यायाने कशी वाटावी? त्यांच्या उत्तरातून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. त्या उत्तराचे मर्म असे की, आतापर्यंत कोण किती जिंकला यावर वाटणी ठरवायची नाही, डाव पुढे चालला असता तर काय काय होऊ शकले असते याचा विचार करून ठरवायची. मी ते कित्येक वर्षे जाणत होतो. गाडीत बसल्यावर प्रथमच ते मला गणिताबाहेर नेऊन पाहावेसे वाटले. आमचे वय आता असे आहे की, डाव केव्हाही थांबू शकतो. मागचे सारे फेडून टाकण्याइतके डाव उरले आहेत की नाहीत, कोणास ठाऊक. पण जे उरले आहेत त्यांत वाटणी फिरवता येईल.

नागपूरहून परतल्यावर मी बाजारातून पत्त्यांचा एक जोड आणला. वडिलांच्या तसबिरीखालून तो घरात नेताना थोडे अवघडल्यासारखे झाले, हे कबूल करतो. आता संध्याकाळची प्रार्थना झाली की आम्ही दोघे तासभर बसतो. तीन-चार दिवसांनी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ येतात, तेव्हा पाच-तीन-दोन होतो. सकाळचा चहा आणि रात्रीची भांडी माझ्याकडे आली आहेत. त्या कामात मी अजून कच्चा आहे आणि पत्नी ते दाखवून द्यायला विसरत नाही. एकदा मी तिच्याजवळ मागच्या वर्षांविषयी काही बोलायला गेलो. शब्द जुळत नव्हते. तिने ते थोडा वेळ ऐकून घेतले आणि मग जोड माझ्यापुढे सरकवला.

"ते राहू द्या," ती म्हणाली, "आज वाटायची पाळी तुमची आहे."